चिंचोक्याची खळ

सत्त्याण्णव साल. गणपतीनंतर उकिरड्यावर पडलेला मखरांचा थर्माकोल मृणाली रोह्याच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत आणायची, तापवून त्याचं तेल काढायची आणि जिवाणूंपुढे ठेवायची. बिचाऱ्यांना ते पचावं म्हणून तिने आणि तिच्या वरिष्ठ पद्मजामॅडमनी त्यांच्यात दुसऱ्या जिवाणूंची जनुकं घातली होती. तरी ते ढिम्म. गेल्या आठवड्यात मात्र चंबूतलं पाणी दुधासारखं गढूळ झालं. जिवाणू वाढले, म्हणजे तेल खाल्लं! आज मुंबईचे साहेब ते बघायला येणार होते. त्यांना पटलं तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर कुलूप.

पण मृणालीच्या हातून एक चूक झाली होती. तेल जमायच्या बाटलीच्या तोंडातून वास सुटायचा, म्हणून हमरापूरच्या मूर्तिकाराच्या या शहाण्या लेकीने तिथे घरची चिंचोक्याची चिकट खळ लिंपली होती. बाबा मूर्तीच्या रंगात घालतात तीच. सोमवारी बाटली धुताना आतही खळ दिसली. तिने गुपचूप जिवाणूंचे दोन चंबू लावले. एकात नुसती खळ, दुसऱ्यात खळ न लागलेलं तेल. आज सकाळी खळीचा चंबू दुधाळ झाला होता आणि तेलाचा नितळ होता.

तिने ते मॅडमना दाखवलं.

"आजचा दिवस गप्प बस," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "माझीही नोकरी जाईल. पुढच्या महिन्यात जिवाणू तेलावर खरंच वाढतील."

कदाचित वाढतीलही. म्हणूनच तर गप्प बसायचा मोह होत होता.

साहेबांनी दुधाळ चंबू उजेडात धरला. "थर्माकोलच्या तेलाशिवाय यात खाण्यासारखं काहीच नाही ना?"

मॅडमची नजर मृणालीवर खिळली. नाही म्हटलं की प्रयोगशाळा वाचली. तिला त्या खळीची चीड आली, साहेबांची आली, सगळ्यात जास्त स्वतःची.

"आहे, साहेब. खळ आहे. चूक माझी."

साहेब जेवायलाही थांबले नाहीत. मॅडम दुपारीच आपलं टेबल आवरायला लागल्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे बाबा, गुणाजी, मूर्तीला रंग देत बसले होते. लेकीचे जंतू थर्माकोल खातात हे त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं.

"काय गो, खाल्ला काय जंतूंनी थर्माकोल?"

"नाय बाबा." तिला हसू आलं आणि डोळे भरले. "तुमची खळ खाल्ली."

गुणाजींचा हात थांबला. मग त्यांनी खळीचं भांडं हळूच पाटाखाली सारलं.