मातीखालची ओळ

इमेल्डा हॅनरहन बारा वर्षं एका गावाच्या शोधात होती. तिचे खापरपणजोबा थेडी आयर्लंडहून बोटीने ऑस्ट्रेलियात आले आणि कोरॉइटच्या काळ्या मातीत बटाटे लावून इथलेच झाले, एवढं घराण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बोटीच्या यादीत जिल्हा लिहिला होता, क्लेअर. पण क्लेअरमधला कोणता पॅरिश, कोणत्या चर्चच्या हद्दीतलं घर, हे एकाही कागदावर नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इमेल्डाने तिकडच्या तेवीस पाद्र्यांना पत्रं घातली होती. मेलबर्नला जाऊन जुन्या नोंदवह्यांच्या फिल्मा डोळे चुरचुरेपर्यंत पाहिल्या होत्या. घराण्यातलं काहीही विचारायचं असलं की लोक म्हणत, इमेल्डाला विचारा.

आणि गाव सापडलं फिलोमिनाला.

फिलोमिना तिची धाकटी चुलत बहीण. तिला खापरपणजोबांचं नावही धड आठवत नसे. ऑक्टोबरात ती थेडी आणि त्यांच्या बायकोच्या थडग्यापाशी जिरेनियमची रोपं लावायला गेली. दगड खचून वीतभर जमिनीत गेला होता. खुरपं खट्कन लागलं, म्हणून तिने माती उकरली, तर खाली आणखी एक ओळ: 'दोघेही किलफार्ना पॅरिशचे.'

त्या दगडाचे इमेल्डाने सात वेळा फोटो काढले होते.

रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये फिलोमिना ही हकिगत सांगत होती आणि लोक चहा हातात धरून तिच्याभोवती उभे होते. इमेल्डाने तिचं तोंडभरून अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच दफनभूमीत गेली, गुडघ्यांवर बसली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. फिलोमिनाने चुकीचं वाचलं असेल, अशी तिला आशा होती. अक्षरं स्वच्छ होती.

किलफार्नाच्या पाद्र्याला पत्र लिहायचं काम फिलोमिनाने तिच्यावरच सोपवलं. इमेल्डाने सुरेख पत्र लिहिलं. त्यात सगळीकडे 'मी' होतं. फिलोमिनाचं नाव कुठेच नव्हतं.

जानेवारीत उत्तर आलं. इमेल्डाने ते वाचलं आणि टेबलक्लॉथच्या खणात तळाशी ठेवून दिलं. फिलोमिना दर रविवारी विचारायची, ही नकारार्थी मान हलवायची.

तीन आठवड्यांनी फिलोमिना घरी भाजलेले स्कोन घेऊन तिच्याकडे आली. म्हणाली, "आता काही उत्तर येत नाही, मेल्डी. मला माझं काही नाही गं, तुझंच वाईट वाटतं. मी तर फुलं लावायला गेले होते. झिजलीस तू."

इमेल्डाला ते ऐकवेना. तिने खण उघडून पाकीट तिच्यासमोर टाकलं.

"तीन आठवडे झाले येऊन."

फिलोमिनाने पाकीट उचलून पाहिलं. "लपवलंस?"

"हो."

"का?"

"तुला सापडलं म्हणून."

फिलोमिनाने पाकीट परत सरकवलं. "वाच. चष्मा आणला नाही मी."

इमेल्डाने वाचलं. थेडीचा बाप्तिस्मा १८२९ सालचा, वडील मायकल, आई योहाना. घराच्या दोन भिंती अजून उभ्या आहेत. 'बाई, हा शोध लावल्याबद्दल तुमचं कौतुक,' हे वाक्यही तिने गाळलं नाही. तिथे तिचा आवाज बारीक झाला.

वर पाहिलं तर फिलोमिना रडत होती. योहाना, योहाना, असं पुटपुटत होती. इमेल्डाचे डोळे मात्र कोरडे. बारा वर्षं ज्या माणसांचा माग काढला, त्यांतलं एक नाव नुसतं ऐकून या बाईला रडू येतं, आणि आपल्याला नाही. गाव सापडल्याच्या दिवशी पोटात दुखलं नव्हतं इतकं आता दुखलं.

"मे महिन्यात जाऊ या," नाक पुसत फिलोमिना म्हणाली. "दोघी. तिकडे तेव्हा थंडी कमी असते म्हणे."

"येईन," इमेल्डा म्हणाली. "पण चर्चमध्ये आधी मी जाणार."

फिलोमिना हसली. म्हणाली, जा की. तिला ती थट्टा वाटली.