गाळातला नारळ

चाळीची नवी इमारत बंद गिरणीच्या रंगखात्याच्या जागेवर उठणार होती. बिल्डरला संमती देण्याआधी चाळीतल्या जयवंतरावांनी गावच्या रीतीने हातभर खड्डा खणवला; काढलेली माती परत भरून उरली, तर जागा चांगली. पण खाली माती नव्हतीच. काळानिळा, चिकट गाळ वर आला आणि सडक्या अंड्यांची घाण सुटली.

"काका, वर टाइल्स लागणार. वास कसला घेताय?" बिल्डरचा माणूस हसला.

चाळकऱ्यांनी नाकाला रुमाल लावूनच तिथे भूमिपूजनाचा नारळ फोडला. एक शकल गाळात पडलं. जयवंतरावांची सून दर्शना हिने ते ओढणीला पुसून पुढे केलं. "घ्या बाबा, प्रसादाला नाही म्हणू नये."

भिडेखातर त्यांनी ते तोंडात घातलं. जीभ कडू झाली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारे जयवंतराव पचकन थुंकले.

"माझी संमती नाही," ते म्हणाले.