पाचवा चौकोन

घरात त्यांना चालेलराव म्हणत. नाव बायकोनं ठेवलं होतं, आणि ते ठेवताना तिला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. भाजी कोणती करू, पडदे कुठले घेऊ, मुलीला कुठल्या शाळेत घालू, काहीही विचारा, यांचं उत्तर ठरलेलं: चालेल. आधी ती हसायची, मग चिडायची, पुढे तिनं विचारणंच सोडलं आणि सगळं आपल्या मनानं करून टाकलं. घर उत्तम चाललं, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं चालेलरावांना कधी वाटलं नाही.

ती गेली आणि यांना रडूच आलं नाही. भेटायला येणारे हळहळले, धीर धरा म्हणाले, यांनी मान डोलावली. ताट पुढे आलं की जेवायचं, दिवा मालवला की बैठकीतल्या सोफ्यावर आडवं व्हायचं. दोघांच्या खोलीत, जिथं तिचं आजारपण गेलं, तिथं ते पाऊल टाकत नव्हते. फार दुःख व्हायचं म्हणून नाही. दाराशी गेलं की आत जायला काही कारणच सापडत नसे. आपण माणूस आहोत की ओंडका, असं अधूनमधून मनात येई आणि त्याचंही काही वाटत नसे.

मुलीला मात्र वाटत होतं. तिची रजा संपत आली होती. तिनं सरळ सांगून टाकलं की खोलीला रंग देऊ, तुम्ही परत तिथं झोपायला लागा, नाहीतर घराला कुलूप घालून माझ्याकडे चला. चालेलरावांना घर सोडायचं नव्हतं. पण ती इच्छासुद्धा दुसऱ्या कुणाची असावी इतकी लांबची वाटत होती, म्हणून तोंडातून आपसूक निघालं, चालेल. यातलं नेमकं काय चालेल, असं मुलीनं विचारलं तेव्हा त्यांना सांगता येईना.

मग रंगारी आला. त्यानं पलंग बाहेर काढला, भिंतीवरचा आरसा उतरवला आणि त्याच भिंतीवर ब्रशनं चार चौकोन रंगवले: बिस्किटी, बदामी, मोतिया आणि हस्तिदंती. ओल्या रंगाच्या भरवशावर राहू नका, वाळला की त्याचा खरा चेहरा दिसतो, उद्या उजेडात बघा, असं बजावून तो गेला. मुलीनं डोळे बारीक करकरून पाहिलं. चौघे सख्खे भाऊ दिसत होते, आणि तेही जुळे. तरी ती हट्टाला पेटली की रंग बाबांनीच निवडायचा, मी एक अक्षर बोलणार नाही.

सकाळी तिनं त्यांना हाताला धरून आत नेलं. रंगारी पालथ्या बादलीवर बसला होता. खोलीत औषधांचा वास अजून होता. चालेलरावांनी भिंतीकडे पाहिलं. एक फिकट, दुसरा फिकट, तिसराही तसाच. बँकेच्या रांगेत पुढच्याची पाठ पाहावी तसं ते पाहत राहिले. काही सुचवायचं नाही, असं मुलीनं रंगाऱ्यालाही दटावून ठेवलं होतं.

मग त्यांचा हात वर गेला.

"हा," ते म्हणाले.

रंगारी उठून जवळ आला. "काका, हा माझा नाही. इथं आरसा होता ना, त्याच्यामागची ही भिंत आहे. बाकीची मळली, एवढी राहिली. तो बघा खिळा."

चालेलरावांनी खिळा पाहिला. मुलगीही पुढे येऊन पाहू लागली. मग तिनं सांगितलं की हा रंग आईनं निवडला होता. तेव्हाही असेच चौकोन काढले होते, आणि बाबा कामावरून आल्यावर बुटासकट त्यांना इथं उभं केलं होतं. बाबा चालेल म्हणून चहा प्यायला निघून गेले होते.

"आई म्हणाली, हाच घेऊ. बोलणार नाहीत ते, पण त्यांना हा आवडेल."

रंगारी हळूच म्हणाला की रंगाचा टवका काढून दुकानात दिला तर तोच रंग जुळवून देतात.

"नको," चालेलराव म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची सवय नसल्यानं मुलगी दचकलीच. "खरवडायचं नाही. एवढं सोडून बाकी बदामी लावा. हस्तिदंती तर अजिबात नको. आणि आरसा परत तिथंच लावा."

मुलीनं विचारलं, इथं झोपाल ना? नेहमीचा शब्द ओठांपर्यंत आला होता. तो त्यांनी गिळला आणि झोपेन म्हणाले.

रंगारी डबा उघडायला बाहेर गेला. चालेलराव चौकोनावर तळहात टेकून उभे राहिले. बधिर पायाला मुंग्या येतात तसं काहीतरी छातीत सुरू झालं होतं, आणि ते चांगलं मुळीच वाटत नव्हतं.

"आवडतो गं मला," ते म्हणाले. मुलीला वाटलं आपल्यालाच म्हणाले, म्हणून ती हो म्हणाली. पण ते तिच्याकडे बघत नव्हते.