शिवकांताची पापणी

टँकर आला तरी एक घागर हलली नाही, बोला! तेही दुष्काळात, आमच्या अहमदपूरकडच्या गावात! सगळं गाव शिवकांताच्या ओसरीवर लोटलं होतं. सकाळी लातूरला बोटांच्या ऑपरेशनला गेलेली धडधाकट बाई परतली ती अशी: उजवा हात ओंडका, त्याच बाजूची पापणी पडलेली, आवाज घोगरा.

"करणी हाय ही!" चंद्रप्पा देवऋषी घुमला. "काल टँकरवर हिच्याशी कोण भांडलं? नागुबाई! तिची वेणी कापून जाळा, मग माझा अंगारा. दिवस मावळायच्या आत, न्हाईतर हात गेला!"

नागुबाई एकटी विधवा. दोघांनी तिचे दंड धरले होते, कात्रीही आली होती. "कापा की! पण मी कबूल व्हनार न्हाई," ती ओरडत होती.

मी पंचशीला. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले. मागच्या एस्टीनं उतरले आणि हा तमाशा बघून माझं डोकंच फिरलं.

"सोडा तिला! हात बधिर करायला मानेजवळ सुई दिली, तेव्हा शिवकांताचं डोकं मीच धरलं होतं. औषध शेजारच्या नसांत गेलं की कधी पापणी पडते, आवाज बसतो. उतरलं की सगळं जागेवर येतं. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा तिचा नवरा व्यंकट बाहेर बिडी ओढत होता!"

"तुमच्यात देव न्हाई. तुला काय कळतंय?" चंद्रप्पा गुरगुरला.

"देव नसंल, डोळे हायेत! गेल्या महिन्यात तुमच्या मेव्हण्याचा हात असाच बधिर केला होता. 'सिस्टर, कधी उतरंल?' कुणी विचारलं? तुम्हीच ना! मी म्हणाले, सांजेपर्यंत. म्हणून मावळायच्या आतची घाई का? अंगारा उद्या लावा की!"

चंद्रप्पा अंगाऱ्याची पुडी चाचपू लागला. "मुहूर्त..."

"मुहूर्त गेला खड्ड्यात!" नागुबाईनं दंड सोडवले, कात्री हिसकावली आणि शिवकांतापुढं फतकल मारली. "कुणी हात लावायचा न्हाई. बघूच."

गाव बसलं, टँकरवालाही बसला. खरं सांगते, मीही सारखी मावळतीकडं आणि तिच्या बोटांकडं बघत होते. दिवेलागणीला शिवकांता कळवळली, "आई गं! बोटं ठणकायलीत!" अंगठा हलला. पापणीही हळूहळू वर आली. बाई दुखण्यानं रडत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. चंद्रप्पा केव्हाच पसार झाला होता.

"बाबांनो," मी म्हणाले, "कुणी घाई करायला लागला, तर त्याला उद्या ये म्हणा. खरं असंल ते उद्याही खरंच राहतंय."

नागुबाई उठली. "शिवकांते, तुझी घागर आज मी भरते," ती म्हणाली. मग दंड धरणाऱ्या दोघांकडं वळली. "कात्री मात्र माझ्याकडंच राहील."