शुक्रवारचा धूप

पाय खाली गेला, पण क्लच वर आलाच नाही. शाझलीने बुटाच्या टोकाने पेडल उचललं, पुन्हा दाबलं. पुन्हा ते मेल्यासारखं तळाला जाऊन पडलं. गिअर करकरला आणि इजिप्तमधल्या इस्ना-एडफू रस्त्यावर पंचवीस वर्षं सात-सात माणसं वाहिलेली ती जुनी लांबडी गाडी कालव्याच्या पुलापाशी मुकाट उभी राहिली.

"काय झालं रे बाबा?" मागच्या बाकावरून शेख मुहर्रम म्हणाले.

"क्लच गेला, शेखसाहेब." कुणी 'दुपार झाली' म्हणावं, तसं शाझली म्हणाला.

त्याची बायको जाऊन आज चाळिसावा दिवस. शेख मुहर्रम पैगंबरांची स्तुती गाऊ लागले की ती टेपपाशी उभी राहायची, भाकरी करपली तरी तिला भान नसायचं. 'एकदा आपल्या अंगणात त्यांचं गाणं व्हावं,' एवढं एकच तिचं मागणं. 'करू की,' म्हणता म्हणता बावीस वर्षं निघून गेली. आज असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजानंतर ते गाणं होतं. अंगणात सतरंज्या पडल्या होत्या, आणि संध्याकाळच्या रेल्वेने शेखसाहेबांना अस्वानला जायचं होतं. आज राहिलं ते कायमचं राहिलं असतं.

पुलापलीकडेच शनूदा मिस्त्रीचं, सगळ्यांच्या 'उस्ता'चं, गॅरेज. चहाच्या दुकानातली चार माणसं ढकलायला आली.

"काय शाझली, आता गाडीचाही चाळिसावा की काय?" एकजण बोलून गेला, आणि जीभ चावून खाली बघत ढकलू लागला.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दृष्टच लागली! वहिनी गेल्यापासून धूप दाखवलाय का कुणी गाडीला?"

"बरं," शाझली म्हणाला. चाळीस दिवस तो सगळ्यांना एवढंच म्हणत होता.

उस्ता शनूदा चष्मा कपाळावर चढवून आला. "इंजिन बंद कर. टाक गिअर."

गिअर लोण्यासारखा पडला.

"आता चालू करून टाक."

करकर.

"बास बास, दात पाडशील त्याचे! चढावर इंजिन नुसतंच ओरडायचं का? आणि गाडी मागेच राहायची?"

"नाही."

"मग क्लचची प्लेट शाबूत आहे. गिअरबॉक्सही धडधाकट. तुझा पाय सांगतोय, पण खाली निरोपच पोचत नाही." त्याने बॉनेट उघडून क्लचच्या ब्रेक ऑइलचा छोटा डबा बघितला. ठणठणीत कोरडा. मग पोतं अंथरून गाडीखाली सरकला आणि खालच्या सिलिंडरची रबरी टोपी सोलली. काळं, पाण्यासारखं तेल त्याच्या मनगटावर ओघळलं.

बाहेर येऊन शनूदा हात पुसू लागला.

"आजच फुटलं?" शाझलीने विचारलं.

"आजचं कुठलं? चार वर्षं झिरपतंय. रबर बदल म्हटलं होतं तुला. काय म्हणाला होतास?"

"चालतंय तोवर चालू दे."

"महिना-सव्वा महिन्यात हा डबा रिकामा होतो, शाझली. मग चार वर्षं चाललं कशावर?"

शाझलीने वाकून कोरड्या डब्यात पाहिलं.

शनूदाने नजर खाली वळवली. "तुझ्या घरची मंडळी यायची बाजाराच्या दिवशी. उंबऱ्याबाहेर उभी राहायची, ब्रेक ऑइलची बाटली न्यायची. कुठे नि किती ओतायचं, ते मीच दाखवलं. मला वहिनी म्हणाल्या, 'यांना सांगू नका हं, उस्ता. पोटच्या पोरांविषयी ऐकून घेतील, गाडीविषयी एक शब्द नाही.'"

दर शुक्रवारी नमाजाआधी शाझली अंघोळीला गेला की ती धुपाटणं घेऊन गाडीभोवती फिरायची. बॉनेट उघडलेलं त्याने खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. 'इंजिनालाही धूप? खोकला लागेल बिचाऱ्याला!' तो ओरडायचा. 'दृष्ट आतूनच लागते,' ती हसत म्हणायची.

डब्याखालच्या पत्र्यावरचा रंग थेंबाथेंबाने उडाला होता. शाझलीला वाटायचं, उन्हाने.

"हे ऑइल रंग खातं," शनूदा हळूच म्हणाला. "ओतताना म्हातारपणी हात थरथरतोच माणसाचा."

शाझलीने एका डागावर बोट ठेवलं. काहीतरी वाटायला हवं होतं. पत्रा गरम होता, इतकंच कळलं.

"बरं," तो म्हणाला.

शनूदाने डबा भरला आणि पुन्हा खाली सरकून नळीतली हवा काढू लागला. "दाब. धर. सोड. दाब..." पोत्यांच्या ढिगावर बसून शेख मुहर्रम त्याच ठेक्यावर गुणगुणू लागले. हळूहळू पेडलने पायाला जोर दिला.

"आजचा दिवस निघेल. उद्या सकाळी गाडी इथे पाहिजे. आणि 'चालतंय' म्हणालास तर बघ!"

असरला ते पोचले. शेखसाहेब असे गायले की पडद्याआड बायकांचे हुंदके थांबेनात. शाझली सगळ्यांना चहा देत फिरला. कुणाचा पेला रिकामा राहू दिला नाही.

शनिवारी रबर बदललं.

पुढच्या शुक्रवारी अंघोळीला निघालेला तो स्वयंपाकघरात शिरला. व्हिनेगर आणि काकवीच्या मधे ती बाटली होती, तोंडाला तिच्या ओढणीची चिंधी बांधलेली. बाटली घेऊन तो बाहेर आला, बॉनेट उघडलं, डब्याचं झाकण काढलं.

डबा रेघेपर्यंत भरलेला होता. थेंबभरही कमी नव्हता.

अजान होऊन गेली तरी शाझली बाटली हातात धरून तसाच उभा होता. मग त्याने झाकण लावलं, बॉनेट आवाज न करता मिटलं, आणि बाटली जागच्या जागी, व्हिनेगर आणि काकवीच्या मधे, नेऊन ठेवली.