काळी चिंधी

डॉ. योगीराज यांनी पुरवठा साखळी व्यवस्थापनावर एकतीस शोधनिबंध लिहिले होते आणि आयुष्यात एकदाही टोपली उचलली नव्हती. धाराशिवच्या कॉलेजात सहयोगी म्हणून अठरा वर्षं काढल्यावर आता कुठं प्राध्यापकपद हाताशी आलं होतं. निवड समितीला फक्त एक चालता प्रयोग पाहायचा होता. शहाण्या माणसानं सोपा माल निवडला असता. यांनी खवा निवडला.

भूमजवळ गौराबाईची खव्याची भट्टी. तिथून सकाळच्या एस.टी.नं रोज बारा टोपल्या धाराशिवला जायच्या. कोणती टोपली कोणत्या हलवायाची, हे कडीला बांधलेल्या चिंधीच्या रंगावरून स्टँडवरचा हमाल बिराप्पा ओळखायचा.

"तांबडी मारुतीच्या गल्लीत, हिरवी स्टँडसमोर," गौराबाई सांगत होती. "अन् काळी असंल तर माल करपलेला. त्यो कुणी—"

"मावशी, हे सगळं बंद," मोबाइलवरची नजर न काढता योगीराज म्हणाले. "जग कुठं गेलं, तुम्ही अजून चिंध्यांत!"

त्यांनी चिंध्या सोडायला लावल्या आणि टोपल्यांवर क्यूआर कोडची स्टिकरं चिकटवली. ताज्या खव्याला तूप सुटतं, हे एकतीस निबंधांत कुठंच आलं नव्हतं.

समिती स्टँडवर आली. टोपल्या उतरल्या. स्टिकरं तुपानं भिजून गळाली होती. काही बसच्या पायरीवर, एक कंडक्टरच्या बुटाला. योगीराज टोपल्यांवर मोबाइल धरत फिरले. मोबाइल गप्प. शर्ट मात्र पाठीला चिकटला, स्टिकरापेक्षा घट्ट.

"सरका, सायेब," बिराप्पा म्हणाला. त्यानं एकेक टोपली तिरकी करून तळ पाहिला आणि पाच मिनिटांत बाराही मार्गी लावल्या. गौराबाईनं चिंध्या खालून बांधल्या होत्या.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

खरं सांगून टाकावं असं योगीराजांना क्षणभर वाटलं. क्षण गेला. "ही मॉडेलची दुसरी पातळी, सर. नेटवर्क नसताना चालणारी."

अध्यक्षांना जेवणाची घाई होती. त्यांनी 'अभिनव' असा शेरा लिहिला.

पद मिळालं. बत्तिसावा निबंधही छापून आला, चिंध्यांवर, बावीस पानांचा. फोटोत गौराबाईचा हात होता, कोपरापासून कापलेला.

कॉलेजात वाटायला पेढे सांगायला ते भट्टीवर गेले आणि निबंध दाखवला.

"ह्या माझ्या चिंध्या न्हवं का?" गौराबाईनं विचारलं. "माझं नाव कुठंय?"

"तसं नाव घालत नाहीत, मावशी. संशोधन असतं ते."

"व्हय का? बरं. उद्याच्या गाडीनं धाडते पेढे."

दुसऱ्या दिवशी बिराप्पानं टोपली पाहिली, योगीराजांकडं पाहिलं, पुन्हा टोपली पाहिली. "सायेब, तुमचा माल बाजूला काढलाय."

"बघा, न सांगता कळलं!" योगीराज खूश झाले. कडीला काळी चिंधी फडफडत होती. टोपली घेऊन ते स्टँडभर मिरवत निघाले. खवा न्यायला आलेले हलवाई चिंधीकडं बघायचे आणि माना खाली घालायचे. योगीराजांना वाटलं, पदाचा मान.

पेढे झकास होते. ते वाटून झाल्यावर त्यांनी ती चिंधी केबिनबाहेर, स्वतःच्या नावाच्या नव्या पाटीला बांधली, प्रयोगाची आठवण म्हणून.