नाव कसं घेऊ त्यांचं

वरणात दुसऱ्यांदा मीठ पडलं तेव्हा कमलबाईंनी चमचा तसाच धरून ठेवला आणि सुनेकडे बघितलं.

"ऐश्वर्या, मी आधी टाकलं होतं का गं?"

"टाकलं होतं, आत्याबाई."

"मंग आताच सांगून ठेवते. एक दिवस मी समदंच विसरंन. तुला, पर्मोदला. प्रभूला बी. त्या दिवशी माझ्या वाटचं तू ध्यानात ठेव."

ऐश्वर्या हसली होती. "आम्हाला विसराल हो, पण माझ्या चुका न्हाई विसरायच्या तुम्ही," असं म्हणत तिनं वरणात तांब्याभर पाणी ओतलं. सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या. शेगडीसमोर त्या बराच वेळ चमच्याकडे बघत बसून राहिल्या होत्या.

तेव्हा जाई पोटात होती. आता जाई भिंतीला धरून चालत होती, आणि कमलबाई रोज सकाळी तिच्याकडे बोट दाखवून विचारत होत्या, "हे लेकरू कोणाचं?" नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण गेलेलं परत यायचं नाही हेही सांगितलं. ऐश्वर्या बी. एस्सी. झालेली. मेंदूच्या पेशींचं तिला समजलं. बाकीचं समजलं नाही.

बाकीचं म्हणजे कपाळाचं.

आखाडा बाळापूरच्या त्या गल्लीत प्रभू येशूला पहिल्यांदा मानलं ते कमलबाईंनी. कयाधू नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांनी नवरा जिवंत असताना कुंकू पुसलं होतं, आणि त्यावरून माहेर-सासर दोन्हीकडच्या माणसांनी त्यांच्या घरचं पाणी बंद केलं होतं. सटवाजी मात्र बायकोच्या बाजूनं उभे राहिले, आणि पुढं तेही ख्रिस्ती मंडळीत आले. ते वारले त्यालाही बरीच वर्षं झाली होती. आता कमलबाईंच्या मनातून ती सगळी वर्षं गळून पडली होती. त्या पुन्हा नवी नवरी झाल्या होत्या. सकाळी आरशात मोकळं कपाळ दिसलं की त्या किंचाळत, "हे काय? ते गेले का?" आणि दर सकाळी सटवाजी नव्यानं मरत. शेवटी शेजारच्या चंदाबाईनं न राहवून आपल्या करंड्यातलं कुंकू त्यांना लावलं. रडणं थांबलं. रविवारी त्या तशाच प्रार्थनेला येऊन बसल्या.

सोमवारी संध्याकाळी पास्टर नरसिंग दारात उभे राहिले.

"जय ख्रिस्त, ताई. आई झोपल्या का?"

त्यांना आई म्हणणारे नरसिंग एकेकाळी बसस्टँडवर दारू पिऊन पडायचे. कमलबाई त्यांना ओढत घरी आणायच्या, उंबऱ्यात बसवून भाकरी खाऊ घालायच्या, आणि जेवण होईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत. आता मंडळीच्या पत्र्याच्या हॉलमागच्या खोलीत ते एकटेच राहत. लग्न केलं नव्हतं.

ऐश्वर्याचा नवरा प्रमोद वसमतच्या मोंढ्यातून हळदीचा बाजार करून नुकताच आला होता. हळदीनं पिवळी झालेली बोटं त्यानं टॉवेलला पुसली आणि पास्टरांना खुर्ची दिली.

"लोक विचारून राहिले, प्रमोद. कमलबाई मागं फिरल्या का म्हणून."

"लोकांला माहीत न्हाई का तिला काय झालं ते?"

"माहीत आहे. पण कपाळ सगळ्यांनी बघितलं. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, ते विश्वासणाऱ्यांनाच देतात. मी ताट घेऊन त्यांच्यापुढं कसा जाऊ?"

ऐश्वर्यानं जाईला कडेवर घेतलं. "विसरणं म्हणजे मागं फिरणं असतं का?"

 नरसिंगांचा आवाज एरवी हॉलच्या पत्र्याला जाऊन भिडायचा. आज तो गुडघ्यांपाशीच राहिला.

"एकदा विश्वास ठेवला की आत्मा तरला, आता सोडा काळजी, असं काही लोक शिकवतात. मला ते शास्त्रात दिसत न्हाई, ताई. धरून ऱ्हावं लागतं. शेवटपर्यंत. हात सुटला की तारण सुटलं."

"तिनं सोडलं न्हाई," प्रमोद म्हणाला. "तिच्या हातातच जोर न्हाई आता."

"व्हय. पण ते मला कसं कळावं?" नरसिंग उठले. "शनिवारी दुपारी येतो. एकच विचारतो. तारणारा कोण, तेवढं त्यांनी आपल्या तोंडानं म्हणावं. मंग कपाळावर काय बी असू द्या, मी लोकांला बघून घेतो."

त्या रात्री ऐश्वर्यानं गॅसचा खटका बघितला, दाराची कडी बघितली, झोपलेल्या जाईच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघितला. हे ती रोजच करायची. मग अंधारात ती तशीच बसली. चाळीस वर्षं प्रार्थना केलेल्या बाईचं तारण जर असं न कळत सांडत असेल, तर आपलं जागेवर आहे की नाही हे बघायला बोट धरायचं तरी कुठं?

मंगळवारपासून तिनं शिकवायला घेतलं. एका मांडीवर जाई, समोर सासूबाई.

"आत्याबाई, म्हणा. येशू."

"येशू," कमलबाई म्हणत.

"तारणारा कोण?"

"कोण?"

जाई मध्येच काहीतरी बोबडं बोले आणि कमलबाई खुदकन हसत. "हिला येतं बघ. हिलाच विचार."

गुरुवारी त्या चिडल्या. "काहून छळून राहिली गं? तुझी सासू कुठं गेली? तिलाच सांगते तुझं नाव!"

ऐश्वर्यानं तोंड फिरवलं आणि धुणं घेऊन मागं गेली. पिळताना तिला कळलं, की कालपासून आपणही प्रार्थना केलेली नाही. वेळच मिळाला नाही. की जमलीच नाही? तिनं पिळा पुन्हा पाण्यात बुडवला.

शनिवारी नरसिंग आले तेव्हा त्यांचे ओठ सुकलेले होते. पाण्याचा तांब्या त्यांनी हात जोडून नाकारला. कमलबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, कपाळाला चंदाबाईचं कुंकू. प्रमोद दाराच्या चौकटीला टेकला. ऐश्वर्या सासूबाईंच्या मागं बसली, त्यांची वेणी घालायचं निमित्त करून, म्हणजे वेळ आलीच तर कानात सांगता येईल.

"आई, मला ओळखलं का?"

"तुमी बँकेतले का?"

"मी नरसिंग."

"बसा."

नरसिंग खाली, फरशीवर बसले. "आई, एक सांगा. तुमी बुडत होत्या तेव्हा ज्यानं तुमचा हात धरला, ज्यानं तुमाला आपलं म्हटलं, त्याचं नाव काय?"

 बाहेर कुठंतरी हळद शिजवायच्या कढईखाली लाकडं टाकल्याचा आवाज आला. ऐश्वर्याच्या ओठांवर ते नाव आलं होतं. तिनं वाकायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात कमलबाईंनी पदर ओढून तोंडापुढं धरला.

त्या लाजल्या होत्या.

"अगं बाई," पदराआडून आवाज आला. "नाव कसं घेऊ त्यांचं?"

प्रमोदनं मान वर केली. उभ्या आयुष्यात आईनं वडिलांचं नाव उच्चारलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर ती शेजारच्या बाईला कोपरानं ढोसायची, 'सांग की गं.' ऐश्वर्या नव्यानं घरात आली आणि नवऱ्याला नावानं हाक मारायला लागली तेव्हा कमलबाई म्हणाल्या होत्या, "नाव घेऊन घेऊन झिजवशील गं माझ्या लेकाला!"

"आई, लाजू नका," नरसिंग पुढं सरकले. "घ्या नाव."

"मोठी माणसं बसल्यावर? न्हाई बाई." पदराच्या काठावरून डोळे चमकले. "येऊनच राहिले ते. आले की त्यांनाच इचारा."

  कमलबाईंनी पदर खाली घेतला, नरसिंगांकडे नीट बघितलं, आणि आवाज एकदम बदलला. हा आवाज ऐश्वर्याच्या ओळखीचा होता, मीठ दुसऱ्यांदा पडायच्या आधीचा.

"तोंड काहून उतरलं रे? जेवलास का?"

"उपास आहे, आई."

"कोणासाठी?"

नरसिंग उठले.

ऐश्वर्या त्यांना पोचवायला दारापर्यंत गेली. चपला घालताना ते म्हणाले, "त्या कोणाबद्दल बोलल्या, ताई?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटून काय उपयोग? खात्री नसता दिलं तर दोष देणाऱ्यावर येतो. मंग त्यानं स्वतः कोणत्या तोंडानं घ्यावं?"

"आणि नाही दिलं तर?"

नरसिंग उन्हात निघाले. 

रविवारी सकाळी ती ओलं फडकं घेऊन सासूबाईंसमोर उभी राहिली. लोक बघतील. एकदा पुसलं की झालं. कमलबाईंनी विश्वासानं तोंड वर केलं, जाई करते तसं. ऐश्वर्यानं फडक्यानं त्यांचे गाल पुसले, हनुवटी पुसली, आणि कपाळ तसंच ठेवलं.

हॉलमध्ये बायकांच्या सतरंजीवर कुजबूज झाली आणि थांबली. मंडळीतल्या शालूबाई जरा सरकून बसल्या, जागा देण्यासाठी की अंतर ठेवण्यासाठी, कळलं नाही. वचन वाचून झालं. टेबलावरचं पांढरं कापड दूर झालं. बायकांकडचं ताट नेहमी शालूबाई फिरवायच्या. त्या उठू लागल्या तेव्हा नरसिंगांनी हातानंच त्यांना बसवलं आणि ताट स्वतः उचललं.

एकेका ओंजळीत चपातीचा तुकडा पडत गेला. कमलबाईंसमोर ताट थांबलं. ऐश्वर्या नरसिंगांच्या पायांच्या बोटांकडे बघत होती. बोटं जमिनीत रुतल्यासारखी आवळलेली होती. मागं कोणीतरी खाकरलं. कमलबाईंनी दोन्ही तळहात जोडून पुढं केले होते. काय मिळणार हे त्यांना माहीत नसावं, पण मिळणार हे माहीत होतं.

नरसिंगांनी तुकडा ठेवला.

कमलबाईंनी तो डोळ्यांना लावला, तोंडात टाकला, चावला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यात मीठ न्हाई गं!"

प्रभुभोजनाच्या चपातीत मीठ नसतंच. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शालूबाईही हसल्या, आणि सरकल्या होत्या त्या परत जवळ आल्या. प्रमोदनं पुरुषांच्या बाजूला बसून डोळे पुसले. 

मग शेवटची प्रार्थना झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. जाई झाल्यापासून ऐश्वर्या प्रार्थनेत डोळे मिटत नाही. मिटले की लेकरू कुठं जाईल सांगता येत नाही. म्हणून तिला दिसलं.

नरसिंग टेबलापाशी उभे होते. सर्वांच्या नंतर पास्टर घेतो, तो त्यांचा तुकडा त्यांच्या बोटांत होता. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला. तिथं धरला. मग परत ताटात ठेवला आणि वरून पांढरं कापड नीट सारखं केलं. द्राक्षरसाचा त्यांचा पेला भरलेलाच होता. "आमेन" त्यांनी नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हटलं.

ऐश्वर्यानं हे कोणाला सांगितलेलं नाही, प्रमोदलाही नाही. सांगितलं तर लोक उठून त्यांच्याही दारात जातील, एकच विचारायला. ती बाईमाणूस, एकट्या माणसाच्या खोलीवर तिला जाता येत नाही. तिनं प्रमोदच्या हाती डबा पाठवून बघितला. डबा स्वच्छ घासून परत आला. त्यातलं कोणी खाल्लं, त्यांचा उपास सुटला का, हे घासलेल्या डब्यावरून कळत नाही.

म्हणून परगावच्या तुम्हाला सांगायचं. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना कधी आखाडा बाळापूरला उतरलात, तर बाजाराच्या मागं निळ्या पत्र्याचा हॉल कोणीही दाखवील. मागच्या खोलीची कडी वाजवा. तारणाचं काही विचारू नका, ते विचारणारे पुष्कळ आहेत. जेवलात का, एवढंच विचारा. आणि ते हो म्हणाले तरी उठू नका. उंबऱ्यात बसा, आणि ते खाईपर्यंत एक शब्द बोलू नका.